एका तासाची पेटी

काकांनी सव्वीस वर्षं घरोघर फिरून विजेचे मीटर वाचले. गल्लीत त्यांचं नावच युनिटकाका. कुणाकडे गेले, की बसायच्या आधी रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायचे.

काकूच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. तेव्हा काकांनी घरात सर्व्हर उभा करायचं मनावर घेतलं. चौकटींच्या वहीत आखणी झाली. ऑफिसने भंगारात काढलेला, स्क्रीन फुटलेला, बॅटरी गेलेला लॅपटॉप, आमच्याकडचा जुना राउटर. नवी फक्त डिस्क. वायर त्यांनी स्वतः भिंतीच्या कडेने ओढली आणि सगळं एका लाकडी पेटीत बसवलं. काकूच्या फोनमधलं सगळं तिथे उतरणार होतं, कायमचं.

“इतकी वर्षं मला गप्प करायला बघत होतात,” काकू म्हणाली, “आणि आता आवाज ठेवायला पेटी आणलीत होय?”

तीन आठवडे ती फोनमध्ये बोलत राहिली. मुलीला हाक मारली, दूधवाल्याशी हुज्जत घातली, धुवायचे कपडे मोजले. एकदा नुसतीच हसली. काकांनी तेही पुसू दिलं नाही.

पेटी दिवसभर चालू कशाला, म्हणून काकांनी तिला टायमर लावला. दुपारी दोन ते तीन. हिरवा दिवा लागला की ते वहीत खूण करत.

ऑपरेशननंतर ते आवाज ऐकायचा धीर कुणालाच झाला नाही. पुढे फोन रखडायला लागला, तेव्हा काकांनी तो साफ पुसला. पेटीत होतंच की सगळं.

मुलगी सुट्टीला आली आणि म्हणाली, “बाबा, आईची हाक ऐकव ना.”

काकांनी मला पेटी उघडायला सांगितली. आत फोटो होते. आवाजाचा फोल्डर रिकामा होता. फोटो आधी, आवाज नंतर, असा उतरायचा क्रम. नुसत्या फोटोंनाच तासाहून जास्त लागायचं. तीन वाजता वीज तुटायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं. आवाजाची पाळी कधी आलीच नव्हती.

“दिवा तर रोज लागत होता,” काका म्हणाले.

काकूने पाटी ओढली. काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मीटर वाचायला वाकावं तसे काका वाकले.

‘बंद करा ती पेटी. वीज वाया जातेय.’

काकांनी टायमर काढून टाकला. पेटी आता रात्रंदिवस चालू असते. वहीत ते काही लिहीत नाहीत.