दोन रिंगांची खुशाली

सुकन्या सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लागली, तेव्हा तिच्याकडे बटणांचा साधा मोबाईल होता आणि बोलण्याच्या मिनिटामिनिटाला पैसे पडायचे. सांगोल्याकडच्या वस्तीवर शेरडं राखणाऱ्या वडिलांशी, गुंडातात्यांशी, तिनं मग खूण ठरवली. एक रिंग देऊन कट केला की ‘फोन कर’. दोन रिंगा म्हणजे ‘बरं हाय’. काय सोन्यासारखी युक्ती! एक शब्द न बोलता बापलेकीनं अठरा वर्षं खुशाली कळवली. पुढं बोलणं जवळजवळ फुकट झालं, तरी सकाळी दहाच्या सुमाराला तात्यांच्या दोन रिंगा वाजायच्याच.

शेजारच्या मशीनवरची शरणम्मा चिडवायची, “बापाशी भांडण हाय व्हय गं? फोन उचलत न्हाईस ते?”

“रोज बोलतो की आमी,” सुकन्या हसायची.

वैशाखातल्या एका सोमवारी रिंगा जरा लवकर आल्या. दोनच. तिनं कॉलर उलटवली आणि मशीन पुढं दामटलं.

त्या वेळी तात्या ओघळीत पडले होते. खुब्याचं हाड मोडलेलं, रिंगा दिल्या-दिल्या फोन हातून निसटून खाली दगडांत गेलेला. उन्हं कलली, शेरडं एकटीच वस्तीवर आली, तेव्हा कुठं शेजारी शोधत निघाले.

सोलापूरच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाल्यावर सुकन्यानं विचारलंच, “तात्या, दोन रिंगा का दिल्या?”

“एकच द्यायची व्हती. हाताला दोनाची सवय. चूक माजी हाय, पोरी.”

“मी उचलायला पायजे हुता.”

“तू कशाला उचलशील? मीच बरं हाय म्हनलो की.”

तिनं तोंड फिरवलं. पाच तास. बाप उन्हात तिच्या फोनची वाट बघत होता आणि ती बाह्या जोडत होती. डॉक्टर म्हणाले, म्हातारा चिवट म्हणून वाचला.

दोन महिन्यांनी तात्या हट्टानं वस्तीवर परतले. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुकन्यानं फोन लावला आणि कट केला नाही. सात रिंगा. आठ. मग धापा टाकत आवाज आला, “कोन गेलं?”

त्या घरात फोन उचलला जायचा तो मयतीच्या बातमीलाच.

“कुनी न्हाय, तात्या. असंच केला.”

“असंच? काठी टाकून पळत आलो की गं!”

“आदी बसा. खाली बसा बगू.”

बाज करकरली. मग दोन्हीकडं शांतता. अठरा वर्षांत बोलायची सवयच लागली नव्हती.

“शेजारनं भाकरी आली का?”

“आली की.”

मशिनी धडधडू लागल्या, शरणम्मा हातानं बोलावू लागली.

“ठेवू का आता?” तात्यांनी विचारलं.

“नका,” ती म्हणाली. पुढं काय बोलावं हे तिला ठाऊक नव्हतं.