काकांचा घरचा धूप

ऑस्ट्रेलियातल्या गुंगालिनमधले आमच्या ओळखीचे एक काका धूप घरीच करतात. राळ, ऊद, नागरमोथा खलबत्त्यात कुटतात. "मिक्सरमध्ये वास मरतो, मेट," असं प्रत्येकाला बजावतात. ऑफिसात ते समतेवर भाषणं देतात, म्हणून मला आवडायचे.

शनिवारी माझ्या मैत्रिणीने हौसेने तासभर त्यांचा धूप कुटून दिला. निघताना काकांनी तिचं आडनाव विचारलं. ऐकून हसले. "ग्रेट, ग्रेट."

विसरलेलं जॅकेट आणायला मी एकटीच परत गेले, तर ते तो सगळा धूप कचऱ्याच्या डब्यात ओतत होते.

"काका, हे काय?"

"देवापुढे लावायचा असतो गं. तिला सांगू नकोस हं, वाईट वाटेल."

मी जॅकेट उचलून गाडीत येऊन बसले. मैत्रिणीने तळहात माझ्या नाकापाशी धरला. "बघ ना, काय सुंदर वास येतोय!"