खांद्यावर कौसल्या नव्हती

दुपारी एकचा सुमार होता. पिंप्राळ्यातल्या माझ्या सायकलच्या दुकानात मी एक ट्यूब पाण्याच्या घमेल्यात धरून बसलो होतो, बुडबुडा कुठून निघतो ते बघत. शेजारची लताबाई धापा टाकत आली. म्हणाली, "नाना, घरी चला. अक्कांना कसंतरी होतंय." मी म्हणालो, "तू हो पुढे, एवढं पंक्चर काढतो अन् येतो." गिऱ्हाईक उभं होतं... पंक्चर काढलं, हवा भरली, हात पुसले. घर दुकानापासून पाच मिनिटांवर. पोचलो तेव्हा माझी बायको कौसल्या फरशीवर आडवी होती आणि लताबाईची सासू चमच्याने तिच्या तोंडात पाणी घालत होती. ते पाणी आत जात नव्हतं, गालावरून खाली येत होतं. ह्याला आता दीड महिना झाला.

दशक्रियेला तिचा धाकटा भाऊ भिका सगळ्यांसमोर उभा राहिला आणि रडत रडत म्हणाला, "मन्ही बहीणले नानास्नी समुद्रमाईन खांदावर बठाडीसन काढं व्हतं. असा नवरा कोनले भेटस?" माणसं माना हलवत होती. एक तरणी पोरगी येऊन माझ्या पाया पडली. मी खाली मान घालून बसलो. तिथंच बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही. म्हणून लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस, चुकलंमाकलं असेल ते तसंच छापा.

सत्त्याऐंशी सालच्या हिवाळ्यातली गोष्ट, दहा-अकरा वर्षांपूर्वीची. भिका एस.टी.त ड्रायव्हर, त्याची बदली कोकणात समुद्रकाठच्या एका डेपोत झाली होती. कौसल्या पाचोऱ्याकडची, गिरणा नदीकाठची. मीही तिकडचाच. दोघांनी समुद्र पाहिलेला नव्हता. ती एका वर्षापासून मागे लागली होती, "मराना पहिले एकडाव समुद्र दखाडा माले." शेवटी निघालो. मी नवी काळी सायकल बांधली होती, माझ्या हातानं एकेक तार ओढलेली. ती एस.टी.च्या टपावर चढवली, दोरानं आवळून बांधली आणि मग आत गेलो, तर बसायला जागा नाही. कौसल्या दांडा धरून उभी. सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, "सायकलीले जागा भेटनी, आते बायकोनं दखा!" बस हसली, मीही हसलो.

भिकाच्या खोलीवर पिशव्या टाकून आम्ही दोघं सायकलवर समुद्रकाठानं फिरलो. ती कॅरिअरवर. उतार आला की डबल सीट, चढ आला की दोघं पायी. एका बाजूला तांबड्या दगडाचे कडे, खाली काळे खडक, त्यांच्यावर पाणी आपटतं ते पोटात ऐकू येतं. मधे मधे गावं, पंधरा-वीस घरांची. वाळत घातलेल्या मासळीचा वास, दुपारची सामसूम. मला ती सामसूम आवडली नाही. एका घरापुढे होडी पालथी घातलेली होती, तिच्यावर गवत उगवलेलं. कौसल्यानं दारातल्या बाईला विचारलं, "ही वापरत नाही का?" बाई म्हणाली, "मालक आले नाहीत परत. होडी आली." आणि आत निघून गेली. 

तिसऱ्या दिवशी वाटेत एक खाडी आडवी आली. पलीकडच्या गावाला माणसं नेणारी होडी होती, तिकडे तिला तर म्हणतात, पण तरवाला जेवायला गेलेला. काठावर एक बाई टोपली घेऊन बसली होती, ती म्हणाली, "चार वाजता येईल. थांबा." कशाला थांबायचं? मला समोर दिसत होतं, खाडीत पाणीच नव्हतं. होड्या चिखलात एका कुशीवर पडलेल्या, मधोमध गुडघाभर धार. मी म्हणालो, आम्ही गिरणेची माणसं, अशा धारा रोज ओलांडतो. भरती-ओहोटी मी शाळेच्या पुस्तकात वाचली होती, पण ती समुद्राला असते, हे तर गोडं पाणी डोंगरातून येणारं, असं माझं डोकं. खडकाजवळून जाताना कौसल्या थांबली. तिच्या डोक्याच्याही वर खडकाला ओल्या शिंपल्या चिकटलेल्या होत्या. "अहो, ह्या इतल्या वर कशा चढन्यात?" मी म्हणालो, "पावसाळामा चढनी व्हतीन. चाल."

मधे गेलो आणि चाक चिखलात बसलं. साखळीत रेती गेली, पायडल फिरेना. आता आमच्याकडची एक रीत सांगतो. गिरणेच्या पात्रात थांबायची वेळ आली तर एक माणूस वरच्या अंगाला तोंड करून उभा करतात. डोंगरात पाऊस झाला की आधी फेस येतो, काड्या येतात. ते दिसलं की ओरडायचं आणि पळायचं. मी तेच केलं. कौसल्याला डोंगराकडे तोंड करून उभी केली आणि सांगितलं, "फेस दिसला की हाक मार." आणि साखळीला लागलो.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "अहो, मांगून आवाज येई राहिना." मी म्हणालो, "तो समुद्रना शे. तू वर दख." आणखी थोडा वेळ गेला. "अहो, पायले पानी लागी राहिनं." मी वर न बघता म्हणालो, "चिखलनं शे."  मी सांगितलं होतं म्हणून ती डोंगराकडेच बघत राहिली... साखळी बसली तेव्हा मी मान वर केली. जी धार आम्ही ओलांडून आलो होतो ती डोंगराकडे चालली होती. नदी उलटी वाहत होती. आवाज न करता, घाई न करता, होड्या एकेक करून सरळ उभ्या राहत होत्या.

मी ओरडलो, "पळ!" आणि सायकल खांद्यावर घेतली. पलीकडचा खडक तीस-चाळीस पावलांवर होता. पोचलो, सायकल वर चढवली, पडू नये म्हणून फटीत चाक नीट बसवलं. मग वळलो. कौसल्या होती तिथंच होती. तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेले आणि पाणी कमरेला. तिनं हाक मारली नाही. तोंड माझ्याकडे होतं. ती मला बघत होती, आणि सायकलीला. मी पाण्यात उतरलो, पण पाणी छातीला लागल्यावर माझे पाय उठले आणि मला पोहता येत नाही. एका म्हाताऱ्या कोळ्यानं होडी घातली. तिला दंडाला आणि अंबाड्याला धरून ओढून घेतलं तेव्हा पाणी तिच्या हनुवटीला होतं. म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाला, "शहाण्या, सायकल बुडली तर ओहोटीला सापडते. माणूस सापडत नाही."

संध्याकाळी भिकाच्या खोलीवर आलो. तिचं लुगडं चिखलानं भरलेलं बघून तो घाबरला. मी तोंड उघडायच्या आत कौसल्या म्हणाली, "अचानक पानी उनं रे. यास्नी माले खांदावर बठाडीसन काढं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिका तिथंच माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत. पुढे तो दर दिवाळीला पडायचा.

त्या दिवसापासून ती माझ्या सायकलवर बसली नाही. बाजाराला, दवाखान्यात, लग्नाला, पायी. बऱ्याच वर्षांनी, गहू निवडत होती तेव्हा, मी हिय्या करून विचारलं, "तू भिकाले खोटं काबर सांगं?" तिनं सुपातून डोकं वर केलं नाही. "तो दर दिवाळीले तुमना पाया पडस. ती शिक्षा कमी शे का?" आणि हसली. खरंच हसली.  पुन्हा तो विषय निघाला नाही, आणि आता काढायला माणूस नाही.

तर भिका, हे तू वाचशील. माझ्या खांद्यावर तुझी बहीण नव्हती, सायकल होती. येत्या दिवाळीला पाया पडू नकोस.

आणखी एक सांगतो आणि थांबतो. कोकणातून आल्यावर जेवायला बसायची तिची जागा बदलली होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसायची. मला वाटायचं, भीती बसली असेल, बसू दे. परवा पहिल्यांदा मी ताट घेऊन तिच्या जागेवर बसलो. तिथून काय दिसतं ते बघितलं. समोर माझा पाट दिसतो, आणि पाटाच्या मागे परसाचं उघडं दार. दहा-अकरा वर्षं मी त्या दाराकडे पाठ करून जेवलो. जेवता जेवता ती मधेच मान उचलून माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायची. मी घास चावत विचारायचो, "काय दखी राहिनी व?"

"काही नही," म्हणायची. "जेवा तुम्ही."