वीरदेव, शेंदूर आणि वाटीभर पीठ

"तिथे नुसता दगड आहे, कोरीवकाम वगैरे काही नाही." द्रोणागिरीजवळच्या एका गावच्या बैठकीत गोदामाच्या कंत्राटदाराचा माणूस असं बोलला आणि माझी मैत्रीण स्वप्नाली तिथून थेट करंजाड्याला माझ्याकडे आली. तो दगड म्हणजे तिच्या माहेरचा वीरदेव, लढाईत पडलेल्या कुणा वीराचा खाडीच्या बांधावरचा वीरगळ. गोदामासाठी तिथे भराव पडणार आणि देव त्याखाली जाणार. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, रविवारी निघू. काही नाही म्हणतो काय, दाखवूच त्याला.

फोटोग्रामेट्री हे नाव ऐकून घाबरू नका. एका वस्तूचे चहूबाजूंनी भरपूर फोटो काढायचे, प्रत्येकात आधीच्या फोटोतला बराचसा भाग आला पाहिजे. सॉफ्टवेअर सगळ्या फोटोंत तेच तेच ठिपके हुडकतं आणि त्यावरून वस्तूचा त्रिमितीय आकार उभा करतं. शेजारी मोजपट्टी ठेवली की मापंही मिळतात. खाणीतून किती माती उचलली, इमारतीची भिंत कुठे फुगली, हेसुद्धा लोक असंच काढतात. बंदर आणि विमानतळ जवळ असताना ड्रोनच्या भानगडीत पडू नका, मोबाइल पुरतो.

गव्हाण फाट्याला भजीपाव खाऊन घ्या, पुढे गोदामांच्या भिंतीच भिंती. स्कूटीवर असाल तर न्हावा शेव्याच्या ट्रेलरना निमूट वाट द्या, तिथे शहाणपणा चालत नाही. शंभराच्या पेट्रोलमध्ये जाऊन-येऊन होतं.

बांधावर पोचले आणि कपाळाला हात लावला. देवाचे फोटो निघणार म्हणून स्वप्नालीच्या आईने, जनाकाकूंनी, त्याला सकाळीच तेल-शेंदूर चोपडला होता. देव नुसता लखलखत होता. चकाकणाऱ्या वस्तूवरची तिरीप आपण हललो की हलते, आणि सॉफ्टवेअर फसतं. अशा वेळी पावडर मारून चमक घालवतात. पण हे देवाच्या बाबतीत बोलायचं कसं?

बोलले शेवटी. स्वप्नालीच दचकली. "आये, देवाला पावडर?"

काकू घरात गेल्या आणि वाटीभर तांदळाचं पीठ घेऊन आल्या. "लाव गो. ते त्याला मातीन पुरायला निंगलेत, पिठानी काय बाटनार हाय?"

पीठ फडक्यात बांधून हलकेच झटकलं आणि देवाभोवती फेऱ्या मारत फोटो काढले, उभी राहून, वाकून, चिखलात बसून. दुपारी काकूंकडे निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांचं, कालवण आणि तांदळाची भाकरी. कधी गेलात तर आधी सांगून जा, निवट्या रोज मिळत नाहीत.

घरी लॅपटॉपवर मॉडेल तयार झालं. त्यावरचा रंग काढून टाकला, एका बाजूने तिरका उजेड पाडला, आणि शेंदराच्या थरांखालून होडी वर आली. वल्ही मारणारी माणसं, वरच्या बाजूला हात जोडलेला वीर. मला रडूच आलं.

पुढच्या बैठकीत ते भिंतीवर मोठं करून दाखवलं. कंत्राटदाराचा माणूस खूश झाला. "एकदम क्लियर आहे मॅडम. रेकॉर्ड झालं ना? मग आता दगड काढला तर टेन्शन काय?"

मी काही बोलायच्या आत जनाकाकू उठल्या. "मंग नारल काय तुजे मोबाइलवर फोरू?"

बैठक तिथेच मोडली. निर्णय अजून झालेला नाही, पण देव बांधावर आहे. मी दर महिन्याला जाऊन फोटो काढते. जुनं आणि नवं मॉडेल एकावर एक ठेवलं की बांधाशी वीतभर माती चढली तरी कळतं, आणि ते आता त्या माणसालाही माहीत आहे. शेंदूर माझं काम झाल्यावर लावा, असं काकूंना किती वेळा सांगितलं. ऐकत नाहीत. दर वेळी देव लखलखत असतो, आणि काकू पिठाची वाटी घेऊन शेजारी उभ्या असतात.