शिशाच्या खटल्यातल्या अक्का

बीदरच्या वकील शकुंतलाअक्का कंपनीच्या माणसाला कधी ‘बसा’ म्हणत नसत. मी पहिल्यांदा त्यांच्या ऑफिसात गेले, तेव्हा बियाण्यांच्या कंपनीचा एक साहेब दारात ताटकळत होता आणि अक्का निवांत चहात बिस्किट बुडवत होत्या. “याला हात जोडायला चांगलं येतंय. बाकी काईच येत न्हाई,” त्या त्याच्यादेखत म्हणाल्या.

मी संतपूरची. माझ्या दीड वर्षाच्या आर्याच्या रक्तात शिसं सापडलं होतं. शिकलेले दोन-चार शब्दही ती विसरत चालली होती. हैदराबादच्या डॉक्टरांनी घरातलं सगळं तपासायला लावलं. शिसं निघालं ते विकतच्या बेबी फूडच्या डब्यात. सांगता सांगता मला रडू आलं.

“रडायलीस कामून? इख त्येंनी घातलंय, तू न्हाईस,” अक्का म्हणाल्या. “त्येंना रडवू.”

ग्राहक न्यायालयात बेबी फूडच्या कंपनीचा वकील म्हणाला, इथली घरं कच्ची, मुलं माती खातात. शिसं मातीतूनच आलं असणार. अक्कांनी आमच्या अंगणातल्या मातीचा तपासणी अहवाल पुढे ठेवला. मातीत शिसं नव्हतं. बाहेर व्हरांड्यात त्यांनी त्या वकिलाला गाठलं. “आमचं लेकरू माती खातंय, व्हय. तुमच्या डब्यापरीस आमची माती सोवळी हाय.”

निकाल आमच्या बाजूने लागला. दुकानांतले डबे उचलायचे, आर्याच्या उपचारांचा खर्च द्यायचा आणि वर्तमानपत्रात इशारा छापायचा. कंपनीने तो छापला इंग्रजी पेपरात, कोपऱ्यात.

“संतपुरात इंग्रजी पेपरात भजीबी बांधून मिळत न्हाईत,” अक्का म्हणाल्या. “लबाड कुठले!” त्यांनी पुन्हा अर्ज केला. मग कानडी, मराठी आणि उर्दू पेपरांत डब्याच्या फोटोसकट इशारा आला. पार लांबच्या कडगंची गावापासूनच्या आया घरातले डबे घेऊन अक्कांकडे येऊ लागल्या.

गावाने सत्कार ठेवला. पुढाऱ्याने भाषण ठोकलं, आर्याला न्याय मिळाला म्हणून. अक्कांनी त्याच्या हातातला माईक घेतला.

“न्याय? दुकानातले डबे उचलले, एवढंच झालंय. या पोरीच्या हाडातलं शिसं कोण उचलतंय? तुमी?”

शाल तशीच ठेवून त्या बीदरच्या बसकडे चालू लागल्या. वर्षभरात अक्का वारल्या.

आर्या आता शाळेत जाते. अक्षरं तिच्या ध्यानात राहत नाहीत. रोज संध्याकाळी मी तिला ती पहिल्यापासून शिकवते.