सोलोपुरता आवाज

थोरल्या भावाने लहानपणी ठेवलेलं मुंगी हे नाव तिला पन्नाशीतही चिकटून होतं. दिवसभर ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासत बसायची आणि महिन्यातून दोनदा, संध्याकाळी, दादाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवायची. वृंद म्हणजे चारच माणसं. दादा गायचा, वहिनी कीबोर्डवर, ड्रमवर एक पोस्टमन आणि कडेला मुंगी. पहिल्या रांगेतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात तिनेच बनवलेले दात असायचे, पण तिची एकटीची गिटार मात्र त्यातल्या एकानेही कधी धड ऐकली नव्हती.

अडचण साधी होती. गाण्याला साथ देताना सहाही तारा एकदम वाजतात, तेव्हा गिटार भरपूर ऐकू येते. सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, आला की एकेक तार छेडायची. मागे ड्रम आणि कीबोर्ड तसेच चालू, त्यामुळे लोकांना बोटं दिसतात, सूर पोचत नाहीत. म्हणून आवाज वाढवावा, तर तिची गिटार पोकळ पोटाची. स्पीकरचा आवाज त्या पोटात शिरतो, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये जातो आणि बघता बघता कान फाडणारी शिट्टी सुरू होते.

गेल्या वर्षी तेच झालं होतं. सोलोच्या आधी तिने गिटारवरचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि सभागृहभर शिट्टी घुमली. चार सेकंदच, पण लोक कानांवर हात ठेवून उभे राहिले. पुढच्या कार्यक्रमाच्या यादीत दादाने सोलोपुढे वहिनीचं नाव लिहिलं, बस. ते मुंगीला फार लागलं.

मग वर्षभर ती पेटून कामाला लागली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून तिने पायाने दाबायची लोखंडी डबी करून घेतली. एकदा दाबली की आवाज वाढायचा, पुन्हा दाबली की पूर्ववत. घुमणारा खर्ज तसाच ठेवून फक्त मधले सूर वर काढायचे, हे त्यानेच तिला शिकवलं. गिटारच्या पोटावरचं गोल भोक बंद करायला तिने लॅबमधल्या, दातांचं माप घ्यायच्या रबराचं झाकण ओतलं. एवढं सगळं झाल्यावर तिने दादाकडे एका गाण्यातला सोलो परत मागितला.

दादा म्हणाला, "एकदाच. परत शिट्टी वाजली तर मला पुन्हा विचारू नकोस."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारला रिकाम्या सभागृहात तिने डबी दाबली. लाल दिवा लागला. आवाज होता तिथेच. तिने वायर काढून लावली, बॅटरी बदलली, पुन्हा दाबली. आवाज तसूभरही वाढेना. मग तिचं लक्ष सभागृहाच्या टोकाला गेलं. दर कार्यक्रमाला आवाज सांभाळणारे साउंडवाले काका आपल्या यंत्रावर मान खाली घालून बसले होते आणि मुद्दाम तिच्याकडे बघत नव्हते.

ती मंचावरून उतरली आणि खुर्च्यांच्या रांगांमधून थेट त्यांच्यापाशी गेली.

"काका, माझा आवाज तुम्ही दाबून धरलाय?"

"हो," काका म्हणाले. "ठरावीक मर्यादेच्या वर जाणारच नाही."

का, म्हणून तिने विचारलं. काकांनी डाव्या कानावर बोट ठेवलं. गेल्या वर्षी शिट्टी वाजली तेव्हा ते स्पीकरला खेटून वाकले होते, वायर बसवत. तेव्हापासून त्या कानात बारीक सूर वाजत असतो, झोपेतही थांबत नाही. बायको त्या बाजूने काही बोलली तर ते नुसती मान हलवतात. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. साउंडवाल्याचा कान गेला म्हटल्यावर त्याला बोलावणार कोण?

मुंगी मागे वळली आणि मंचावर जाऊन वायर गुंडाळायला लागली. काका पाठोपाठ आले.

"ठेवा ती," ते म्हणाले. "माझ्यासमोर लावा. मी सांगेन तिथे थांबायचं."

काका स्पीकरजवळ उभे राहिले. त्यांचा जबडा आवळलेला तिला दिसत होता. ती डबीवरचं आवाज कमीजास्त करायचं बटण केसाएवढं फिरवायची, एक सूर छेडायची, पुन्हा फिरवायची. बटण एक तृतीयांश फिरलं, तेव्हा त्यांनी हात वर केला. तिने तिथे खूण केली.

"आता मी दाब काढतो," काका म्हणाले. "पण कार्यक्रमात माझा हात वर दिसला, की त्याच क्षणी बंद. सोलो संपायची वाट बघायची नाही."

तिने कबूल केलं.

संध्याकाळी सभागृह भरलं. चौथ्या गाण्यात दादा कडव्यानंतर बाजूला सरकला आणि तिने डबी दाबली. गिटार सगळ्यांच्या वर, स्वच्छ उभी राहिली. पहिल्या रांगेतल्या माना वळल्या. त्या आनंदात तिने नकळत एक पाऊल पुढे टाकलं, थेट पायाशी ठेवलेल्या स्पीकरसमोर.

गिटारच्या पोटातली गुणगुण तिला आधी बरगड्यांत जाणवली. मग ती चढू लागली. सभागृहाच्या टोकाला काकांचा हात वर गेला.

अर्धा सोलो बाकी होता, सगळ्यात अवघड जागा तर यायचीच होती. एक पाऊल मागे घेतलं तर कदाचित थांबेल, असं तिला वाटलं. कदाचित. तिने डबी दाबून बंद केली. गुणगुण विरली आणि तिचे सूर पुन्हा ड्रमखाली बुडाले. ती वाजवत राहिली.

तेवढ्यात वहिनीने कीबोर्डवरून दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. पोस्टमनने ते पाहिलं आणि तो काठीच्या टोकाने नुसता ठेका धरू लागला. सभागृह इतकं शांत झालं, की तेवढासा आवाजही मागच्या भिंतीपर्यंत गेला. अवघड जागेत तिचा एक सूर घसरला. तोही सगळ्यांना ऐकू आला.

टाळ्या पडत असताना दादाने माइक बाजूला धरला आणि तिच्या कानाशी म्हणाला, "एवढं वाजवतेस, आणि मला माहीत नव्हतं."

पुढच्या आठवड्यात मुंगी काकांना घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेली. गेलेलं परत येणार नाही, पण तो सूर सुसह्य होईल, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी घरी बायकोलाही सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी मुंगीला उजव्या बाजूला यायला सांगितलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी जागची हलू नका. पूर्ण वाजवू देईन."

पुढच्या कार्यक्रमात ती जागची हलली नाही आणि काकांनी हात वर केला नाही.