दार उजव्या अंगाला

बाईंच्या हातात काहीही द्या, त्या आधी ते उलटं करायच्या. चहाची बशी, पेरू, दुसऱ्याची चप्पल. एकदा हळदीकुंकवात मिळालेली स्टीलची वाटी त्यांनी तिथंच पालथी करून न्याहाळली. यजमानीणबाईंना वाटलं, कुणाच्या आहेरातली वाटी फिरवून दिली की काय, म्हणून खाली कोरलेलं नाव बघताहेत. त्या घरातून पुन्हा बोलावणं आलं नाही. बाई म्हणायच्या, "वरून सगळेच बरे दिसतात. खालून बघावं."

परभणीच्या एका कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या, मूळच्या चारठाण्याच्या. मी पालमचा, सहावीत शाळा सुटलेला, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. नामांतराची वर्षं होती. भिंतीवर लिहिणाऱ्याला दोन्हीकडून बोलावणं यायचं, आणि एकाचं लिहिलं की दुसऱ्याच्या गल्लीतून जायला छाती धडधडायची. त्यात बायको पोटुशी. अशात बाईंचा निरोप आला, चित्र काढायचं आहे, आत बसून. मला देव पावल्यासारखं झालं.

चित्र होतं समुद्रातल्या गोगलगायीचं. कॉलेजच्या मुलींना घेऊन बाई कोकणात गेल्या होत्या, ओहोटीला एका खडकाखाली ती सापडली. शंख नाही, कवच नाही, अंगठ्याएवढा मऊ जीव. अशी गोगलगाय आजवर कुणी नोंदवलेलीच नाही, हे बाईंनी महिनोन् महिने पुस्तकांशी ताडून बघितलं होतं. आता तिच्या अवयवांचं वर्णन आणि चित्रं छापायला पाठवायची होती. जीव मात्र एकच. दुसरा मिळालाच नव्हता. उन्हाळ्यात बाटलीतलं स्पिरिट उडू नये म्हणून त्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळून माठाशेजारी ठेवायच्या.

पहिल्या दिवशी मी उभाच होतो. "बसा पेंटर," बाई म्हणाल्या, "उभ्यानं ओढलेली रेघ भित्री येते." कॉलेजात खुर्चीवर बसायची ती माझी पहिलीच वेळ. मग घर दाखवावं तसं त्यांनी मला ते जनावर दाखवलं. डोक्यावरची दोन शिंगं वास घ्यायची. पाठीवर शेवटाकडं फुलासारखं दिसतं ते श्वासाचं. तोंडात जीभ, पण जीभ कसली, कानस! भिंगाखाली तिच्यावर दातांच्या रांगाच रांगा. बाटलीत रंग उडून ती चुन्यासारखी झाली होती, म्हणून बाई आठवून रंग सांगायच्या.

"केशरी होती."

"कसला केशरी, बाई? झेंडूचा?"

"न्हाई हो. करडईचं फूल सुकायला लागल्यावर होतं ना, तसला."

तो रंग मला लगेच जमला. बाई खूश झाल्या की चारठाण्याचं बोलायच्या. घाबरल्या तरी तेच.

पोटाकडून, उजव्या अंगाला, पावलाच्या, म्हणजे ती सरपटते त्या तळव्याच्या, कडेशी एक बारीक छिद्र होतं. अंडी घालायची वाट. बाई त्याला दार म्हणायच्या. "हिच्या भाऊबंदांचं दार पुढं असतं, हिचं पार मागं. हेच हिचं वेगळेपण. हे चुकलं तर कोण विश्वास ठेवणार?" मी मान डोलावली. मला वाटलं, कळलं.

आम्हा पाट्यावाल्यांची एक रीत असते. कमान असो की गणपतीची प्रभावळ, अर्धीच काढायची, कोळशाची रेघ ठेवून कागदाची घडी घालायची आणि वरून नखानं घासायचं. उरलेलं अर्धं आपोआप उमटतं. माप चुकत नाही. पोटाकडचं चित्र मी तसंच केलं. डावं अंग मन लावून काढलं, घरी नेऊन घडी घातली, शाईनं गिरवलं. इतकं देखणं झालं की बायको म्हणाली, "लय सुबक हाय. पण हाय काय हे?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी कागद बघितला. मेणाच्या ताटलीत गोगलगाय टाचण्यांनी ताणून ठेवलेली, पोट उघडलेलं. आतलं बघायला त्यांनी आदल्याच दिवशी तिला चिरलं होतं.

"पेंटर, दार कुठं हाय?"

मी घडीचं सांगितलं. बाई मटकन स्टुलावर बसल्या. "अवो, हे काय करून ठेवलंत! ही काय दुकानाची पाटी हाय का, दोन्हीकडून सारखी?" त्यांचा आवाज चिरकला. एकुलता एक जीव, तो फाडलेला, चिरताना दारही कापलं गेलं असणार, आणि चित्रात दारच नाही.

मग चिमट्यानं त्यांनी ती कातडी हलकेच उलटी केली. भिंग डोळ्याला लावलं आणि हसायलाच लागल्या. डोळ्यांत पाणी, आणि हसणं थांबेना.

"मी डाव्या अंगानं चिरलंय! दार असेल त्या अंगाला सुरी लावायची न्हाई, हे हाताला ठाऊक असतं हो. डोकं विसरलं होतं. या, बघा."

मी वाकलो. उजवं अंग जसंच्या तसं होतं, आणि पावलाच्या कडेशी, पार मागं, सुईच्या टोकाएवढं दार. मी सुटकेचा श्वास इतक्या जोरात सोडला की बाई ओरडल्या, "फुंकू नका, उडंल ती!"

तिथंच बसून मी उजवं अंग काढलं. बघत, घडी न घालता. पुढं ते चित्र छापून आलं तेव्हा बाईंनी छापलेला कागदही आधी उलटा करून बघितला.

मुलगी झाली, खर्च वाढला, आणि सुरतेला साड्यांच्या छापाचं काम लागलं. निरोप द्यायला बाई एसटी स्टँडवर आल्या. माझी ब्रशांची पेटी हातात घेऊन त्यांनी सवयीनं उलटी केली आणि सगळे ब्रश फलाटावर सांडले. दोघंही गोळा करत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "तिकडं समुद्र जवळ हाय म्हणं. घाबरायचं न्हाई, पेंटर. बिघडलं तर दुसरं अंग बघा."

बाई आता नाहीत. इथं साडीची नक्षी सगळी घडीचीच असते; पोट त्यावरच चालतं. पण मी भिणारा माणूस. मुलीच्या दुखण्यात, गिरणी बंद पडली तेव्हा, हातपाय गळाले की काहीतरी हातात घेतो, कप म्हणा, वाटी म्हणा, आणि पालथं करतो. बायको विचारते, "काय बघायलाव?"

"दार," मी म्हणतो. आणि अडकलेला श्वास सुटतो.